चिशांगमधील सायकल मार्ग

चिशांगमधील सायकल मार्ग हे तैवानच्या आग्नेय भागातील ताइतुंग परगण्यात, चिशांग या ग्रामीण विभागातील भातशेतीमधून जाणारे रस्ते व पायवाटा आहेत. यांपैकी काही वाटा खास सायकलींसाठी बांधलेल्या असून काही मुळात शेतरस्ते व कालव्यांचे काठ आहेत. सर्वांत प्रसिद्ध असलेल्या बोलांग मार्गावर पर्यटकांच्या मोटारगाड्या व मोटारसायकली यांना प्रवेश नाही. शेतकऱ्यांची वाहने व शेतीची यंत्रे मात्र तेथे ये-जा करतात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मागे उंच डोंगर आणि मध्ये विजेचा एकही खांब नसलेला सरळ रस्ता, असे हे दृश्य तैवानमध्ये सर्वपरिचित झाले आहे. सायकल-पर्यटनाच्या अभ्यासात चिशांगला महत्त्व आहे, कारण येथील शांतता पर्यटनासाठी निर्माण केलेली नाही. शेतीच्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयांतून ती टिकली व नंतर पर्यटनाला उपयोगी पडली.

स्थान व नाव

तैवानच्या पूर्व भागात मध्य पर्वतरांग आणि किनारी पर्वतरांग यांच्या दरम्यान एक लांब व अरुंद दरी आहे. उत्तरेस ह्वालिएन व दक्षिणेस ताइतुंग या शहरांपर्यंत पसरलेली ही दरी सुमारे १८० किलोमीटर लांब असून तिची रुंदी बहुतेक ठिकाणी काही किलोमीटरच आहे. चिशांग हा ताइतुंग परगण्याचा या दरीतील उत्तरेकडचा विभाग होय. त्याच्या उत्तरेस ह्वालिएन परगण्यातील फूली, तर दक्षिणेस क्वानशान आहे. चिशांगची लोकसंख्या सुमारे आठ हजार आहे. तीत हक्का व मिन्नान या चिनी भाषक समूहांबरोबर आमिस या मूलनिवासी जमातीचे लोकही आहेत. हक्का कुटुंबांपैकी अनेक जण जपानी राजवटीच्या काळात (१८९५–१९४५) तैवानच्या पश्चिम भागातून येथे येऊन स्थायिक झाले.

‘चिशांग’ या चिनी नावाचा अर्थ ‘तळ्यावरचे’ किंवा ‘तळ्याकाठचे’ असा होतो. हे तळे म्हणजे गावालगतचे तापो सरोवर. भूकवचातील हालचालींमुळे तयार झालेल्या खोलगट जागेत झऱ्यांचे पाणी साचून ते निर्माण झाले आहे. गाळ साचल्याने व काठाची जमीन शेतीखाली आल्याने विसाव्या शतकात त्याचा विस्तार बराच घटला. पुढे त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले. आज तळ्याभोवती सायकलवाट असून पाणपक्षी व कमळे पाहण्यासाठी लोक येथे थांबतात.

भूरचना

डोंगराळ तैवानमध्ये सपाट जमीन मोजकीच आहे. चिशांगची जमीन मुख्यतः शिनवुल्यू नदीने घडविली. मध्य पर्वतरांगेतून वेगाने उतरणारी ही नदी दरीत येताच तिचा वेग मंदावतो आणि तिने वाहून आणलेले दगडगोटे, वाळू व गाळ पंख्याच्या आकारात पसरतात. अशा पंखाकृती गाळमैदानावर चिशांगची बहुतेक शेती आहे. मैदानाला उतार आहे, परंतु तो इतका मंद आहे की सायकलस्वाराला तो क्वचितच जाणवतो. पाटाचे पाणी उताराने वाहत नेण्यास मात्र तेवढा उतार पुरतो. भाताचे खाचर पाण्याने भरण्यासाठी त्याचा तळ समपातळीत असावा लागतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी जमीन पायऱ्यापायऱ्यांनी सपाट केली. सायकल चालविण्यास सोपी वाटणारी ही सपाटी अशा रीतीने अर्धी नदीची व अर्धी माणसाची निर्मिती आहे.

याच गाळमैदानाने दरीतील पाण्याची विभागणीही केली आहे. चिशांगच्या परिसराच्या उत्तरेकडील पाणी श्युक्वुलुआन नदीला, तर दक्षिणेकडील पाणी पेइनान नदीला मिळते. परिसराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २५० ते ३०० मीटर आहे. दिवस व रात्रीच्या तापमानातील फरकामुळे येथील भाताचा दाणा सावकाश भरतो. येथील तांदळाच्या चवीचे एक कारण म्हणून हेच सांगितले जाते.

पाणी व कालवे

शिनवुल्यू नदीचे पाणी अडवून कालव्याने शेतांकडे वळविण्यात आले आहे. मुख्य कालव्यापासून फुटणाऱ्या पाट व चाऱ्या जवळजवळ प्रत्येक रस्त्याच्या कडेने वाहतात. सायकलवाटांपैकी एक लांब वाट कालव्याच्या काठाने परिसराला वळसा घालते. कालव्याच्या देखभालीसाठी काठाने चालत जाण्याजोगी जागा ठेवावीच लागते. तीच जागा पुढे सायकलींना उपयोगी पडली.

येथील कालवेरचनेचा विशेष भाग म्हणजे ‘तरंगता कालवा’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा पाट. उंचावरील शेतांपर्यंत पाणी पोहोचावे म्हणून दगडांचा उंच बांध रचून त्याच्या माथ्यावरून हा पाट नेलेला आहे. बाजूच्या खाचरांतून पाहणाऱ्याला पाणी डोक्यावरून वाहत असल्यासारखे दिसते. बांधावरून जाणाऱ्या वाटेवरून दोन्ही बाजूंची शेते खाली पसरलेली दिसतात.

सिंचनाचे व्यवस्थापन तैवानमध्ये दीर्घकाळ शेतकऱ्यांच्या सिंचन संघांकडे होते. इ.स. २०२० मध्ये हे संघ शासकीय यंत्रणेत विलीन करण्यात आले. मात्र पाट साफ करणे, पाण्याची पाळी ठरविणे आणि फुटलेले बांध दुरुस्त करणे ही कामे गावपातळीवरील सहकार्याशिवाय होत नाहीत.

भातशेतीचे वर्ष

चिशांगमध्ये वर्षाला भाताची दोन पिके घेतली जातात. पहिल्या पिकाची लावणी हिवाळ्याच्या अखेरीस, जानेवारी–फेब्रुवारीच्या सुमारास होते व कापणी जून–जुलैमध्ये. दुसऱ्या पिकाची लावणी जुलै–ऑगस्टमध्ये व कापणी नोव्हेंबरच्या सुमारास केली जाते. कोकणातील भात बहुतांशी पावसाळ्यावर अवलंबून असते. दक्षिण कोकण व गोव्यात पाण्याची सोय असलेल्या जमिनीत ‘वायंगण’ म्हणून दुसरे पीक काढतात. चिशांगमध्ये कालव्यांमुळे असे दुसरे पीक सर्वत्र नियमित घेतले जाते.

नोव्हेंबरची कापणी व पुढची लावणी यांच्या दरम्यान मोकळ्या शेतांत मोहरीवर्गीय पिके हिरवळीच्या खतासाठी पेरली जातात. त्यांना पिवळी फुले येतात आणि लावणीपूर्वी ती जमिनीत गाडली जातात. त्यामुळे सायकलस्वाराला ऋतुमानाप्रमाणे वेगवेगळी शेते दिसतात. लावणीच्या वेळी खाचरे पाण्याने भरलेली असतात व त्यांत डोंगरांचे प्रतिबिंब पडते. पुढे काही महिने ती हिरवी राहतात. लोंब्या पिकू लागल्या की रंग पिवळा होतो, आणि कापणीनंतर काही आठवडे केवळ खुंट व पेंढा उरतो.

चिखलणी, लावणी व कापणी ही तिन्ही कामे आता यंत्रांनी होतात. लावणी यंत्रासाठी रोपे सपाट तबकांत वाढवून शेतापर्यंत वाहून आणतात. कापणी व मळणी एकाच वेळी करणारी यंत्रे, धान्य वाहणारे ट्रक आणि ट्रॅक्टर यांना शेताच्या तोंडाशी जाण्यासाठी रुंद व मोकळा रस्ता लागतो. पर्यटक ज्या रस्त्याला सायकल मार्ग म्हणून ओळखतात तो कापणीच्या दिवसांत अशा यंत्रांनी गजबजलेला असतो.

शेतरस्त्यांची घडण

तैवानमध्ये इ.स. १९५३ च्या जमीन सुधारणेनंतर कसणाऱ्यांना जमिनीची मालकी मिळाली. परंतु जमिनीचे तुकडे लहान व वेडेवाकडे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने शेतजमिनींच्या एकत्रीकरणाचे कार्यक्रम राबविले. महाराष्ट्रातील वाचकांना १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामुळे ही कल्पना परिचित आहे. तैवानमधील योजनेत केवळ तुकडे जोडले गेले नाहीत, तर शेतांची आखणीच नव्याने झाली. आयताकृती शेते, प्रत्येक शेताच्या एका टोकाला पाणी देणारी चारी, दुसऱ्या टोकाला निचऱ्याची चारी आणि यंत्र नेता येईल असा शेतरस्ता, असा तिचा साचा होता.

अशा आखणीतून सरळ, समांतर व कमी रहदारीचे रस्त्यांचे जाळे तयार होते. हे रस्ते एका गावातून दुसऱ्या गावाला जाण्यासाठी नसल्याने त्यांवरून जाणारी परकी वाहने थोडी असतात. दरीतून जाणारी सर्व लांब पल्ल्याची वाहतूक नऊ क्रमांकाच्या प्रांतिक महामार्गावर असते. महामार्गापासून काही शे मीटर आत आले की वाहनांचा आवाज मागे पडतो.

सायकल मार्गांचा विकास

तैवानमध्ये सायकलला बोलीभाषेत ‘लोखंडी घोडा’ असे म्हणतात. मोटारसायकली स्वस्त होण्यापूर्वी शेतकरी, टपालवाले व शाळकरी मुले यांचे ते मुख्य वाहन होते. पुढे तैवान सायकलींच्या निर्यातीसाठी जगप्रसिद्ध झाला, परंतु देशात सायकल चालविणाऱ्यांची संख्या घटत गेली.

पर्यटनासाठी सायकल मार्ग बांधण्याचा आरंभीचा प्रयत्न चिशांगच्या शेजारी, क्वानशान येथे झाला. तेथे १९९७ मध्ये गावाभोवती सुमारे १२ किलोमीटरचा वर्तुळाकार सायकल मार्ग खुला करण्यात आला. गावाला वळसा घालणारा व सायकलींसाठी राखीव असा हा तैवानमधील पहिला मार्ग मानला जातो. तो चढणीने टेकडीच्या पायथ्याशी जातो व नंतर पाटाच्या कडेने भातखाचरांतून उतरतो. त्याच्या यशानंतर दरीतील इतर गावांनीही असे मार्ग आखले. चिशांगमध्ये तापो सरोवर, कालव्यांचे काठ व शेतरस्ते जोडून सायकलवाटांचे जाळे तयार झाले.

सायकल पर्यटनाला देशव्यापी चालना २००७ च्या सुमारास मिळाली. त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या एका तैवानी चित्रपटात श्रवणदोष असलेला विद्यार्थी सायकलने बेटाची प्रदक्षिणा करतो. त्याच वर्षी एका मोठ्या सायकल कंपनीचे संस्थापक किंग लिऊ यांनी वयाच्या ७३ व्या वर्षी बेटाची प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यानंतर अशी प्रदक्षिणा करणे तरुणांमध्ये रूढ झाले. २०१५ च्या अखेरीस सरकारने बेटाला वळसा घालणारा, नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीचा ‘प्रदक्षिणा मार्ग क्रमांक १’ खुला केला. हा मार्ग पूर्व दरीतून जातो, परंतु त्याचा मोठा भाग महामार्गाच्या कडेने आहे. त्यामुळे बरेच सायकलस्वार चिशांगला आल्यावर महामार्ग सोडून शेतरस्त्यांवर वळतात.

बोलांग मार्ग

बोलांग मार्गाचे अधिकृत नाव ‘चिनशिन क्रमांक ३ रस्ता’ असे आहे. ‘बोलांग’ हे तैवानमध्ये डबाबंद कॉफी विकणाऱ्या एका छापाचे चिनी नाव आहे. या कॉफीची जाहिरात येथे चित्रित झाल्यावर लोक रस्त्याला त्याच नावाने ओळखू लागले. याच परिसरातील दुसऱ्या एका रस्त्याला ‘स्वर्गाचा रस्ता’ असे नाव मिळाले आहे.

या भागातील सुमारे १७५ हेक्टर सलग भातशेतीत विजेचा खांब नाही, असे नेहमी सांगितले जाते. आज ही गोष्ट सौंदर्याच्या दृष्टीने पाहिली जाते, पण तिच्यामागील कारण व्यावहारिक होते. भात हे दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देणारे पीक आहे. रात्री दिव्याचा उजेड पडत राहिल्यास जवळच्या रोपांना लोंब्या येण्यास विलंब होतो व पिकाची वाढ एकसारखी होत नाही. शिवाय खांब व तारा यंत्रांच्या वाटेत येतात. म्हणून शेतकऱ्यांनी आपल्या शेतांमधील रस्त्यांवर दिवे व खांब नकोत अशी भूमिका घेतली. पुढे पर्यटक येऊ लागल्यावर हीच मोकळी जागा गावाची ठेव आहे, ही जाणीव बळावली.

जून २०१३ च्या सुमारास तैवानमधील एका विमान कंपनीच्या जाहिरातीत जपानी-तैवानी अभिनेता ताकेशी कानेशिरो या रस्त्यावरून सायकल चालवितो व एका झाडाखाली बसून चहा पितो, असे दृश्य दाखविण्यात आले. ती जाहिरात अतिशय लोकप्रिय झाली. रस्त्याकडेच्या त्या झाडाला अभिनेत्याचे नाव पडले व ते पाहण्यासाठी मोठी गर्दी होऊ लागली. हे झाड बिशोफिया वंशातील असून ही जाती सह्याद्रीच्या जंगलांतही आढळते. मराठीत तिला ‘बोक’ म्हणतात. उन्हात काम करणाऱ्यांना सावली व वाटसरूंना चहा-पाणी देण्याची जागा म्हणून शेताकडेला असे एखादे झाड राखण्याची तेथे पद्धत होती.

२३ जुलै २०१४ रोजी माटमो या चक्रीवादळात हे झाड मुळासकट उन्मळून पडले. ते पुन्हा उभे करण्यात आले. त्याच्या उपचारांसाठी जपानमधून वृक्षतज्ज्ञास पाचारण करण्यात आले. फांद्या छाटून व आधार देऊन झाड जगविण्यात आले आणि त्याला नवी पालवी फुटली. झाडाच्या बातम्यांमुळे पर्यटकांचा ओघ आणखी वाढला.

वाहनबंदी

जाहिरातीनंतरच्या काळात सुट्टीच्या दिवशी मोटारगाड्या व पर्यटक बस अरुंद शेतरस्त्यांवर येऊन थांबू लागल्या. शेतकऱ्यांना यंत्रे शेतापर्यंत नेणे अवघड झाले. छायाचित्रे काढण्यासाठी लोक बांधांवर व उभ्या पिकात उतरू लागले. त्यामुळे स्थानिक प्रशासनाने बोलांग मार्गावर पर्यटकांच्या मोटार वाहनांना बंदी केली. पर्यटकांनी वाहने बाहेर उभी करावीत आणि पायी किंवा सायकलने आत जावे, असा नियम करण्यात आला. शेतकरी व स्थानिक रहिवासी यांना कामासाठी वाहने नेण्याची मुभा राहिली.

या नियमामुळे दोन परिणाम झाले. एक म्हणजे रस्ता सायकलस्वारांना सुरक्षित झाला. दुसरा असा की सायकली भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढला. रेल्वे स्थानकाबाहेर व मार्गाच्या तोंडाशी साध्या सायकलींबरोबर दोघांनी चालवायच्या सायकली व विजेच्या मदतीने चालणाऱ्या चारचाकी सायकली मिळू लागल्या. चारचाकी सायकलीत चार माणसे बसू शकतात, म्हणून कुटुंबे ती पसंत करतात. परंतु ती रुंद असते, तिला वळणावर जास्त जागा लागते आणि न शिकलेल्या चालकाच्या हाती ती पाटात उतरण्याचा धोका असतो. समोरून ट्रॅक्टर आल्यास मार्ग देणेही तिला कठीण जाते. त्यामुळे मोटारी बंद झाल्या तरी रस्ता कोणाचा, हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही.

शेतीच्या यंत्रांना प्रथम जाऊ द्यावे, रस्त्याच्या मधोमध थांबू नये, खाचरात उतरू नये व बांध तुडवू नये, असे संकेत येथे पाळणे अपेक्षित असते. बांध हा खाचरातील पाणी धरून ठेवणारा मातीचा कठडा असतो. तो एका ठिकाणी खचला तरी पाणी वाहून जाऊन पीक अडचणीत येते, हे शहरी पाहुण्यांना ठाऊक नसते.

युली–तुंगली सायकल मार्ग

चिशांगच्या उत्तरेस युली ते तुंगली दरम्यानचा सुमारे १० किलोमीटरचा सायकल मार्ग जुन्या लोहमार्गाच्या जागेवर आहे. ह्वालिएन ते ताइतुंग हा लोहमार्ग १९२६ मध्ये पूर्ण झाला. तो ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद मापाचा होता व १९८२ पर्यंत तो १,०६७ मिलिमीटर मापात बदलण्यात आला. २००७ मध्ये युलीच्या दक्षिणेकडील भागात नवा, अधिक सरळ लोहमार्ग सुरू झाला. रिकाम्या झालेल्या जुन्या मार्गाचे सायकल मार्गात रूपांतर करण्यात आले. आनतुंग व तुंगली येथील जुनी स्थानके आता सायकलस्वारांची विश्रांतिस्थाने आहेत. लोहमार्गाला तीव्र चढ चालत नसल्याने हा मार्ग मंद उताराचा आहे.

या मार्गाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. युलीजवळ श्युक्वुलुआन नदीवरील जुन्या रेल्वेपुलाजवळ युरेशियन व फिलिपीन सागरी हे दोन भूपट्ट एकमेकांस भिडतात, असे मानले जाते. पुलावर दोन्ही बाजूंना भूपट्टांची नावे दर्शविणाऱ्या खुणा आहेत. या भागात भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर वेगाने एकमेकांकडे सरकतात. त्यांतील काही हालचाल चिशांग विभंगावर होते. हा विभंग भूशास्त्रज्ञांच्या विशेष अभ्यासाचा विषय आहे, कारण तो मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळातही वर्षाला सुमारे २ ते ३ सेंटिमीटर सावकाश सरकत असतो. तापो येथील प्राथमिक शाळेच्या आवारातील काँक्रीटच्या भिंतींवर या सरकण्याच्या खुणा दिसतात व तेथे शास्त्रज्ञांनी मोजमापे केली आहेत.

१८ सप्टेंबर २०२२ रोजी चिशांगजवळ ६.८ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी क्वानशानजवळ ६.४ महत्तेचा भूकंप झाला होता. युलीजवळील काओलिआओ पूल कोसळला व तुंगली स्थानकाचे छत गाडीवर पडले. जुन्या लोहमार्गावरील सायकल मार्गाचेही नुकसान झाले. शेतकऱ्यांना मात्र पुलांइतकीच काळजी पाटांची होती, कारण दुसऱ्या पिकाला त्या काळात पाण्याची गरज असते.

तांदळाची प्रतिष्ठा

सायकल मार्गांच्या प्रसिद्धीपूर्वीच चिशांगचे नाव तांदळासाठी माहीत होते. जपानी राजवटीत तैवानमध्ये आखूड दाण्याच्या, चिकट जपानी भाताचा प्रसार झाला. इसो एइकिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानच्या हवामानाला जुळवून घेतलेल्या या तांदळाला १९२६ मध्ये ‘पोंलाइ’ (जपानीत ‘होराइ’) असे नाव देण्यात आले. चिशांग परिसरातील तांदूळ जपानी सम्राटाकडे पाठविला जात असे, असे स्थानिक लोक सांगतात.

चिशांगशी जोडल्या गेलेल्या वाणांत ‘काओश्युंग १३९’ हा विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा भाग असतो. दिसायला साधा, पण शिजविल्यावर मऊ व चविष्ट, म्हणून त्याला ‘कुरूप सुंदरी’ असे टोपणनाव मिळाले.

रेल्वे स्थानकावर विकली जाणारी चिशांगची जेवणाची पेटी तैवानभर ओळखली जाते. पातळ लाकडी पेटीत भात व त्यावर मांस, अंडे, भाजी असा तिचा थाट असतो. लाकूड भाताची वाफ शोषून घेते व भात ओलसर होत नाही. गाड्या थांबत असलेल्या काळात ती फलाटावर विकली जाई. त्या काळच्या आठवणींसाठी येथे एक संग्रहालयही आहे.

इ.स. २००२ मध्ये तैवान जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला व दरवर्षी १,४४,७२० टन तांदूळ आयात करू देण्याचे बंधन त्याने स्वीकारले. त्याच सुमारास ‘चिशांगचा तांदूळ’ म्हणून बाजारात विकला जाणारा माल चिशांगच्या प्रत्यक्ष उत्पादनाहून अधिक असल्याचे दिसून आले. या दोन्ही संकटांना उत्तर म्हणून शेतकरी, गिरणीचालक व स्थानिक प्रशासन यांनी चिशांगच्या तांदळासाठी प्रमाणचिन्हाची व्यवस्था सुरू केली. भात याच परिसरात पिकलेला असणे व ठरलेल्या कसोट्यांना उतरणे ही चिन्ह मिळविण्याची अट आहे. तैवानमधील ही अशा प्रकारची आरंभीची व्यवस्था होती. यामुळे शेतकऱ्यांना अधिक भाव मिळू लागला. शेती परवडू लागल्याने जमीन घरे व हॉटेले यांसाठी विकण्याचा दबाव कमी झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरे राहिली, याचे हे एक मुख्य कारण आहे.

कलेशी संबंध

एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने २००९ पासून चिशांगमध्ये शरद ऋतूतील कापणीच्या सुमारास खुल्या शेतात कलामहोत्सव होतो. पहिल्या वर्षी पियानोवादक छेन क्वान-यू यांनी पिकलेल्या भाताच्या मध्ये बसून वादन केले. पुढे नृत्य व नाट्य संस्थाही येथे आल्या.

‘क्लाउड गेट’ या प्रसिद्ध तैवानी नृत्यसंस्थेचे संस्थापक लिन ह्वाय-मिन यांनी २०१३ मध्ये संस्थेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त ‘तांदूळ’ या अर्थाच्या नावाची नृत्यरचना सादर केली. तिची प्रेरणा चिशांगची होती. नर्तकांनी येथील शेतकऱ्यांबरोबर कापणीचे काम केले व भाताच्या वाढीची चित्रे येथेच टिपण्यात आली. माती, वारा, परागकण, सूर्यप्रकाश, धान्य, अग्नी व पाणी यांवर ही रचना आधारलेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या धान्यकोठाराचे रूपांतर करून कलादालन सुरू करण्यात आले.

महोत्सवाची तारीख शेतीच्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. व्यासपीठाच्या जागेवरील भात आधी कापावे लागते. सभोवतालचे भात मात्र पिकून उभे असावे लागते. म्हणून शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय कार्यक्रम होऊ शकत नाही.

सायकलप्रवास

चिशांगला ताइपेइहून थेट रेल्वेगाड्या आहेत. २०१४ मध्ये ताइतुंगपर्यंत लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि वेगवान गाड्यांनी प्रवास सुमारे साडेतीन ते चार तासांचा झाला. स्थानकाबाहेर सायकली भाड्याने मिळतात. तापो सरोवर, कालव्याचा काठ, बोलांग मार्ग व परत गाव, अशी फेरी सावकाश चालविल्यास अर्ध्या दिवसात होते. क्वानशान व युलीकडील मार्ग जोडून दोन-तीन दिवसांचा प्रवास आखता येतो. गावे जवळजवळ असल्याने प्रत्येक टप्प्यावर रेल्वे स्थानक, भोजन व मुक्काम यांची सोय होते.

रस्त्यावर झाडांची सावली फारच थोडी आहे. सावलीतील भात नीट पिकत नाही, म्हणून शेतकरी खाचरांच्या कडेला फारशी झाडे राखत नाहीत. उन्हाळ्यात पहाटे किंवा संध्याकाळी निघणे योग्य ठरते. जुलै ते सप्टेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे वाहतात. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्यांना त्यांचा लाभ होतो, तर उलट दिशेने जाणाऱ्यांना त्यांच्याविरुद्ध पायडल मारावे लागते. दिवे नसल्याने अंधार पडल्यावर या रस्त्यांवर सायकल चालविणे धोक्याचे असते.

प्रश्न व महत्त्व

तैवानमधील इतर ग्रामीण भागांप्रमाणे चिशांगमध्येही शेतकऱ्यांचे सरासरी वय वाढत आहे व तरुण शहरांकडे जात आहेत. पर्यटनामुळे उपाहारगृहे, निवासगृहे व सायकल दुकाने यांतून काही तरुणांना गावात काम मिळाले आहे. तथापि पर्यटनाचे उत्पन्न व शेतीचा भार नेहमी एकाच घरात येत नाहीत. ज्याच्या शेतासमोर पर्यटक थांबतात, त्याला त्या गर्दीतून काही मिळतेच असे नाही. आणि ज्याचे दुकान चालते, त्याला बांध दुरुस्त करावा लागत नाही.

वाहनमुक्त सायकल मार्ग हे सामान्यतः नगररचनेचे फळ मानले जाते. चिशांगचे उदाहरण वेगळे आहे. येथे रस्ता शेतासाठी झाला, खांब पिकासाठी टाळले गेले, सपाटी पाण्यासाठी केली गेली आणि वाहनबंदी यंत्रांना वाट मिळावी म्हणूनही आली. भातशेती थांबली तर पाट कोरडे पडतील, शेते विकली जातील, रस्त्याला घरे लागतील व घरांबरोबर वाहनेही येतील. म्हणून चिशांगच्या सायकल मार्गांचे भवितव्य सायकलस्वारांच्या संख्येपेक्षा खाचरे कसणाऱ्या हातांच्या संख्येवर अधिक अवलंबून आहे.